बावन्न पानं, सत्तावन्न कविता

डॉक्टरांच्या घरी हसायला बंदी नव्हती. फक्त कोण हसलं आणि किती हसलं हे मोजलं जायचं, आणि मोजायचं काम माझ्याकडे होतं.

डब्लिनच्या ओंगार भागातल्या त्यांच्या बैठकीच्या खोलीत एकाआड एक रविवारी दुपारी तीन वाजता आम्ही नऊ मराठी माणसं जमायचो. डॉक्टर भिंतीशी उभे राहून आधी एक कविता आफ्रिकान्स भाषेत वाचायचे. ती आमच्यापैकी एकालाही कळायची नाही. मग तिचा स्वतः केलेला मराठी अनुवाद वाचायचे. त्याचे छापील कागद आमच्या हातात आधीच दिलेले असायचे. मी खिडकीजवळच्या खुर्चीत चौकटीची वही मांडीवर घेऊन बसायचो. वहीत तीन रकाने होते: मोठ्याने, गालातल्या गालात, नाही.

हे काम माझ्याकडे आलं, कारण मी डब्लिनच्याच टॅला भागातल्या हॉस्पिटलात लॅबमध्ये गुणवत्ता तपासणी करतो. मशीनने दिलेला आकडा खरा आहे की नाही हे बघणं हा माझा धंदा. नऊ माणसांच्या हसण्यावरून काहीही सिद्ध होत नाही, हे मी डॉक्टरांना पहिल्याच रविवारी सांगितलं.

"तुम्ही मोजा हो," ते म्हणाले. "सिद्ध मी करतो."

त्या दिवसापासून माझं नाव 'मोजणीदार' पडलं.

त्यांचा सिद्धांत असा: नवातले तिघांपेक्षा जास्त हसले, की कविता नापास. "हसू आलं म्हणजे तो उपहास नव्हेच. त्या गुदगुल्या," असं ते म्हणायचे. "खरा उपहास भूल दिल्यासारखा हवा. माणसाला कळताच कामा नये की आपल्याला काही झालंय." ते भूलतज्ज्ञ होते, त्यामुळे त्यांची बहुतेक उदाहरणं तिथूनच यायची. आपल्यासमोर आजवर कुणी हसलेलं नाही, हे ते अभिमानाने सांगायचे. माझी बायको एकदा म्हणाली, "अहो, त्यांच्यासमोर सगळे झोपलेलेच असतात."

आयर्लंडला येण्यापूर्वी सहा वर्षं ते दक्षिण आफ्रिकेतल्या एका कोरड्या, छोट्या गावातल्या सरकारी दवाखान्यात होते. तिथे आफ्रिकान्स बोलतात. डच लोकांच्या बोलीतून तिकडे घडलेली ही भाषा गोऱ्या शेतकऱ्यांची, आणि त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या लोकांचीही. डॉक्टर ती शिकले, याचं श्रेय मी त्यांना देतो. गावातल्या बाकीच्या परदेशी डॉक्टरांनी तेवढेही कष्ट घेतले नव्हते. पण शिकल्यावर त्यांना वाटायला लागलं की आफ्रिकान्स कवितेतला उपहास जगात फक्त आपल्यालाच कळतो. निदान डब्लिनमध्ये हे त्यांना खोटं ठरवणारं कुणी नव्हतं.

उपहास ओळखण्याचा त्यांना रोग जडला होता. शेजारी एक आयरिश म्हातारं जोडपं राहायचं. एकदा वाऱ्याने त्यांचा कचऱ्याचा डबा आडवा पडला, तो डॉक्टरांनी उचलून ठेवला. म्हातारे गृहस्थ दारातून म्हणाले, "यू आर व्हेरी गुड." इथे असं सगळेच म्हणतात, दुकानात सुटे पैसे दिले तरी म्हणतात. डॉक्टर घरात आले आणि त्यांनी त्या वाक्यावर अर्धा तास विचार केला. शेवटी त्यांचा निष्कर्ष निघाला, की म्हातारा आपल्याला टोमणा मारतोय.

"स्वर ऐकलात का तुम्ही? 'व्हेरी'वर जोर होता."

"मी तिथे नव्हतो," मी म्हणालो.

"म्हणूनच तुम्हाला कळत नाही."

पुढे चार महिने ते त्या जोडप्याशी बोलले नाहीत. डबा पुन्हा पडला तर त्याला वळसा घालून जायचे. त्या बिचाऱ्यांनी नाताळला केक आणून दिला, तेव्हा केकमध्येही काहीतरी सुचवलंय असं त्यांना वाटलं. केक आम्ही खाल्ला. चांगला होता.

स्वतः उपहासाने बोलायचं झालं तर मात्र ते आधी डावी भुवई वर न्यायचे आणि समोरच्याला दिसेपर्यंत तिथेच ठेवायचे.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात एकदा त्यांना दहा मिनिटं दिली होती. विषय त्यांनीच ठरवला: आफ्रिकान्स कवितेतील उपहास आणि वक्रोक्ती. ते एकेचाळीस मिनिटं बोलले. तेराव्या मिनिटाला मुलं फराळाच्या टेबलाकडे सरकली, विसाव्याला त्यांच्यामागून आया गेल्या. एकेचाळिसाव्या मिनिटाला जोरात टाळ्या झाल्या. घरी परतताना गाडीत डॉक्टर मला म्हणाले, "बघितलंत? एकही हसला नाही. शेवटपर्यंत." 

रविवारच्या वाचनाचेही नियम होते. वाचन संपेपर्यंत खायला काही द्यायचं नाही, कारण तोंडात पोहे असलेला माणूस हसू दाबतो आणि आकडा चुकतो. शास्त्र म्हणून हा मुद्दा बरोबर आहे, मी त्यांना तसं सांगितलंही. पण हसला तो नक्की कवितेलाच हसला का, हे कसं ठरवायचं, या माझ्या प्रश्नावर ते नुसते म्हणायचे, "तुम्ही मोजा हो." आमच्यात एक पदव्युत्तर विद्यार्थी होता, तो अर्धा वेळ मांडीवरच्या फोनमध्ये बघायचा. तो फोनला हसला तरी मला रेघ मारावी लागे. मी शेजारी लहान अक्षरात 'फोन' असं लिहायचो. डॉक्टर ते वाचायचे नाहीत.

आता त्या कवितांविषयी.

त्या सगळ्या एकाच बाईच्या होत्या. त्या दवाखान्याच्या लाँड्रीत ती तीस वर्षं चादरी धूत होती. सगळं गाव तिला 'तानी' म्हणायचं. आफ्रिकान्समध्ये वडीलधाऱ्या बाईला असंच म्हणतात, आपल्याकडच्या मावशीसारखं. लाँड्रीच्या जुन्या हिशोबवहीत, मागच्या बाजूने, तिने या कविता लिहिल्या होत्या. पातळ कागदावर शाई उतरते म्हणून पानाच्या एकाच बाजूला, एका पानावर एक. डॉक्टर आयर्लंडला निघाले तेव्हा ती वही तिने त्यांना दिली. "भेट," डॉक्टर म्हणायचे. "एका उपहासकाराने दुसऱ्याला दिलेली." आम्हाला ती ते लांबून दाखवायचे, हातात द्यायचे नाहीत.

कविता चांगल्या होत्या. मला कवितेतलं फार कळत नाही, पण ओळ खोटी असली तर मला खटकते, आणि या खटकायच्या नाहीत. नळाची एक होती. डॉक्टरांच्या अनुवादात ती अशी:

नव्या नळाला मंत्री आले,
तोटी फिरवली, टाळ्या पडल्या.
टाळ्या इतक्या, की पाणी आलं नाही
हे कुणाला ऐकूच आलं नाही.

नवातले आठ मोठ्याने हसले. नववा फोनमध्ये होता. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "नापास," ते म्हणाले. "मोजणीदार, लिहा." मी लिहिलं.

दुसरी, तिकडे काळ्या-गोऱ्यांचे वॉर्ड वेगळे होते त्या दिवसांतली:

मेट्रन म्हणते, इथे सगळे सारखे.
खरं आहे, बाई.
दोन्ही वॉर्डांच्या चादरी मी एकाच पाण्यात धुते.
वाळत तेवढ्या वेगळ्या दोऱ्यांवर घालते.

खोलीत कुणी हललंसुद्धा नाही. तिन्ही रकान्यांपैकी फक्त शेवटचा भरला. त्या एका दिवशी डॉक्टरांचा सिद्धांत मला पटला होता, हे मी मान्य करतो.

पण काही कविता अशाही होत्या, की त्यांना कुणी हसलं नाही आणि का हसलं नाही हे मला उमगलं. एकीत एका विद्वान सहायकाची गोष्ट होती. आजूबाजूचे मठ्ठ लोक वर चढत जातात आणि याला खालीच ठेवतात, आणि तो त्यांच्याकडे बघून मंद स्मित करतो. लांबलचक होती. आमच्या डॉक्टरांनाही इथे अकरा वर्षं हाताखालचे रजिस्ट्रारच ठेवलं होतं, कन्सल्टंट केलं नव्हतं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. बायकोने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ही बाई लाँड्रीत होती ना? हिला प्रमोशनचं एवढं दुःख कुठून?" मी तिला गप्प केलं. हसणारे शून्य. कविता पास.

असं दीड वर्ष चाललं, एका रविवारी कधी एक कविता, कधी दोन. माझ्या वहीत शेवटचा क्रमांक सत्तावन्न होता. नापास अडतीस, पास एकोणीस. कागद मी सगळे क्रमाने फायलीत लावले होते. सांगितलं नव्हतं कुणी, सवय आहे.

मग एके दिवशी लॅबच्या खिडकीवर एक नर्स आली. पन्नाशीच्या आतबाहेरची, उंच, दक्षिण आफ्रिकेहून भरती होऊन वर्षभरापूर्वी आलेली. आपल्या गावात सहा वर्षं राहून आयर्लंडला आलेला बुटका भारतीय डॉक्टर कुठे सापडेल, असं ती दिसेल त्या भारतीय माणसाला विचारत होती. कुणीतरी तिला माझ्याकडे पाठवलं होतं. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत झालं. मी तिला सिस्टर म्हणत गेलो.

"तुम्ही त्यांच्या घरी कविता ऐकायला जाता ना?"

"जातो."

"त्यांच्याकडे माझ्या आईची वही आहे."

"ती त्यांना भेट मिळालीय," मी म्हणालो. मला तसंच सांगितलेलं होतं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "छापायला दिली होती. छापून परत करणार होते. त्याला सोळा वर्षं झाली. आईने तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. दुसरी प्रत नाही, काही नाही."

पुढचं तिने थोडक्यात सांगितलं. आईला साखरेचा आजार. गेल्या वर्षी दोन्ही डोळे गेले. आता नवीन लिहिणं शक्य नाही. जुन्या मैत्रिणी संध्याकाळी येऊन बसतात, म्हणतात, तानी, ती नळाची म्हण, ती पाद्र्याच्या कुत्र्याची म्हण. तिला निम्मी आठवते, मग अडते, चिडते, आणि बायकांना घरी जायला सांगते. "हल्ली त्या येतच नाहीत," सिस्टर म्हणाली. "मी पुढच्या शुक्रवारी रजेवर जातेय. वही घेऊन जायचंय. रोज दोन-तीन वाचल्या तरी माझ्या रजेत सगळी वही होईल."

तो बुधवार होता. त्याच दुपारी मी तिला गाडीतून ओंगारला घेऊन गेलो.

डॉक्टरांनी दार उघडलं आणि तिने तोंड उघडताच त्यांचा चेहरा उजळला. दोघं आफ्रिकान्समध्ये बोलायला लागले. तिला चांगल्या खुर्चीत बसवलं, चहा आणला. मग माझ्यासाठी इंग्रजीवर येऊन त्यांनी तिला तिच्या आईच्या कवितेतल्या वक्रोक्तीच्या तीन पायऱ्या समजावून सांगायला सुरुवात केली. पहिली पायरी संपेपर्यंत ती थांबली.

"मला वही हवीय," ती म्हणाली.

"अवश्य बघा." ते आत गेले आणि वही घेऊन आले. जवळून ती मी पहिल्यांदाच बघत होतो. पुठ्ठे जाड होते आणि आत फारसं काही नव्हतं. पानं शिवणीपासून बोटभर अंतरावर पट्टी लावून सरळ कापलेली होती. ओळीने नुसते चिंचोळे तुकडे उभे होते, अधूनमधून एखादं पूर्ण पान.

"पानं कुठे आहेत?"

"संपादन झालंय," डॉक्टर म्हणाले.

"पानं कुठे आहेत, डॉक्टर?"

"रद्दीच्या हिरव्या डब्यात. रविवारी कापली की सोमवारी गाडी नेते." तिला समजत नाहीये असं वाटून ते जरा पुढे वाकले. "हे बघा, या कविता परीक्षेत टिकल्या नाहीत. लोक हसले. दुबळ्या कविता शिल्लक ठेवल्या तर उद्या कुणीतरी त्या छापेल आणि चांगल्यांची किंमत जाईल. मला तुमच्या आईंचं नाव राखायचं होतं."

"तिला विचारलंत?"

"कवीला स्वतःचं काय चांगलं हे कधीच कळत नाही."

ती माझ्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

कविता नापास होतात एवढं मला माहीत होतं. पानं जातात हे माहीत नव्हतं. पण वाचनाच्या टेबलावर दर रविवारी स्टीलची पट्टी आणि ब्लेड असायचं, आणि ते कशाला असतं हे मी दीड वर्षात एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या आकड्यांवरून पुढे काय केलं जातं हे विचारणं लॅबमध्ये माझं काम आहे. डॉक्टरांच्या घरी मी नेमकं तेच करायचं सोडून दिलं होतं. हे सगळं मी तिला सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "किती हसले?"

"कशाला?"

"नळाच्या कवितेला."

मी पिशवीतून माझी मोजणीची वही काढली. "नवातले आठ."

"पाद्र्याच्या कुत्र्याला?"

"सात. दोघे गालातल्या गालात."

"मेट्रनच्या गुडघ्यांना?"

"नऊ."

तिने मान हलवली. "लाँड्रीत मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही. आई ओरडून एक ओळ म्हणायची आणि बायकांच्या तोंडाकडे बघायची. हसल्या तर वहीत उतरवायची, नाही तर सोडून द्यायची. या वहीत आहेत त्या सगळ्या त्यांना हसू आलं म्हणून आहेत." मग ती डॉक्टरांना म्हणाली, "तुम्ही सहा वर्षं तिथे होतात. एकदा तरी लाँड्रीत गेला होतात का?"

"मी डॉक्टर होतो," ते म्हणाले.

त्यांचं चाललं असताना मी चिंचोळे तुकडे मोजले. अडतीस. माझ्या नापासांशी जुळत होते. मग कवितांची पूर्ण पानं मोजली. चौदा. माझ्या हिशोबाने एकोणीस हवी होती. पुन्हा मोजलं, चौदाच. म्हणजे वहीत कविता बावन्न आणि आम्हाला वाचून दाखवल्या सत्तावन्न. गाडी चालवताना हा पाचाचा फरक मला सोडेना.

उरलेली वही तिने काखेत मारली, आणि निघताना डॉक्टरांनी तिला वर जाड बांधणीचा एक ग्रंथ दिला. आफ्रिकान्स कवितेतल्या उपहासावर चौदा वर्षं खपून त्यांनी लिहिलेला. "आईंना वाचून दाखवा," म्हणाले.

"तो मराठीत आहे," मी म्हणालो.

"मग सारांश सांगा."

टॅलाच्या सिग्नलला आल्यावर मला माझी फाइल आठवली. मूळ कविता कचऱ्यात गेल्या होत्या, पण त्यांचे मराठी कागद माझ्या घरी क्रमाने लावलेले होते. मी ते सिस्टरला सांगितलं. ती म्हणाली, "मला मराठी येत नाही." मी म्हणालो, "मला येतं."

त्या दिवसापासून तिची फ्लाइट होती त्याच्या आदल्या दिवसापर्यंत, नऊ संध्याकाळी आमचं स्वयंपाकघर त्या कामाला लागलं. मी कागदावरचं मराठी वाचून त्याचं साधं इंग्रजी करायचो. सिस्टर तेच आफ्रिकान्समध्ये आईला फोनवर सांगायची.  मग म्हातारीचा आवाज यायचा, खणखणीत, आणि सिस्टर नव्या वहीत भराभर लिहायला लागायची. वही डब्यात भिजली, एवढंच तिने आईला सांगितलं होतं.

पहिली कविता सांगितली तेव्हा म्हातारी बराच वेळ ओरडत होती. काय झालं असं मी विचारलं. सिस्टर म्हणाली, "ती विचारतेय, माझी ओळ एवढी लांब कुणी केली? म्हणते, मी कमरेत वाकून काम करणारी बाई, एका दमात एवढं बोलणार कशी?" दुसऱ्या दिवसापासून मी डॉक्टरांची विशेषणं गाळायला लागलो. कामाचा वेग दुप्पट झाला. बायको चहा देताना एकेक कागद वाचायची आणि हसायची. तिकडून म्हातारी विचारायची, "कोण हसतंय?" आणि कळलं की तिला आणखी एक कडवं आठवायचं.

चौथ्या संध्याकाळी विद्वान सहायकाची कविता आली. सिस्टरने ती सगळी सांगितली. पलीकडून दोनच शब्द आले.

"ती म्हणते, माझी नाही."

"आठवत नसेल."

"तिला विचारलं. ती म्हणते, असा रडका माणूस आमच्या लाँड्रीत टिकला नसता."

मी तो कागद बाजूला ठेवला. बाजूला ठेवायचे असे एकूण पाच कागद निघाले. एकात ओळखू न आलेला हिरा होता, एकात कावळ्यांच्या सभेतला हंस. माझ्या मोजणीच्या वहीत बघितलं, तर पाचही कवितांपुढे शेवटचा रकाना पूर्ण भरलेला आणि पहिले दोन कोरे. बाईच्या नावावर त्यांनी स्वतःच्या पाच कविता आम्हाला ऐकवल्या होत्या आणि माझ्याकडून पास करून घेतल्या होत्या. माझा हिशोब जुळला. माझ्या हाताखालून इतका स्वस्त खोटेपणा दुसरा गेलेला नाही.

शेवटचा ताळा असा. गेलेल्या अडतीस कवितांपैकी चौतीस परत मिळाल्या. चार तिला आठवल्या नाहीत, किंवा मराठीतून येताना त्यांचं इतकं मातेरं झालं होतं की तिला त्या ओळखू आल्या नाहीत. त्या चार गेल्या. त्यातली एक मेट्रनच्या गुडघ्यांची. नवातले नऊ हसले होते, पण कशाला हे, तो मराठी कागद समोर ठेवूनही, आज आमच्यापैकी एकालाही नीट सांगता येत नाही. माझ्याकडे आकडा आहे.

हे काम चालू असताना सातव्या संध्याकाळी डॉक्टर आले. न सांगता आले, टाय लावून. त्यांना आमच्यातल्या त्या फोनवाल्या विद्यार्थ्याकडून कळलं होतं.

"पुन्हा उलटा अनुवाद केलेल्या कवितेला मूळ म्हणता येणार नाही, मोजणीदार," दारातूनच त्यांनी सुरुवात केली. मी त्यांना स्वयंपाकघरात आणलं. फोन टेबलावर चालूच होता. त्यांनी आवाज खाली आणून मला मराठीत विचारलं, "ती सहायकाची आली का? तिला काय वाटलं?"

"माझी नाही म्हणाली."

"वय झालं," ते म्हणाले. "विसरली."

त्यांचा आवाज फोनमधून पलीकडे गेला असावा. म्हातारी एकदम काहीतरी म्हणाली. तिने त्यांना ओळखलं होतं. सिस्टरने मला हळूच सांगितलं, "ती विचारतेय, डॉक्टर, माझं पुस्तक छापून झालं का?"

सिस्टर त्यांच्याकडे बघत होती. बायको ओट्याशी उभी होती, तीही वळली. खरं सांगायला त्या माणसाला याहून सोपी जागा कुणी दिली नसती. बाई आंधळी, सहा हजार मैलांवर. तिने वर्षानुवर्षं ज्या विषयात हात मुरवला, त्या विषयावर यांचा ग्रंथ. डॉक्टरांनी टाय सारखा केला आणि फोनकडे तोंड करून गोड आवाजात एकच वाक्य बोलले. मला आफ्रिकान्स येत नाही, पण सिस्टरचा चेहरा बघून अर्थ कळला. नंतर तिने तोच सांगितला: पुढच्या वर्षी, तानी.

 मग म्हातारी बोलली. सावकाश, अगदी मऊ आवाजात, दोन-तीन वाक्यं. सिस्टरने चटकन तोंडावर हात धरला आणि खाली बघितलं. तिचे खांदे हलायला लागले.

डॉक्टर माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते, भुवया दोन्ही जागच्या जागी होत्या. "ऐकलंत?" ते म्हणाले, आणि कुणी न विचारता त्यांनी मला ते मराठीत सांगितलं. "ती म्हणाली, बरं झालं, डॉक्टर. सोळा वर्षांपूर्वी निघताना तुम्ही पुढच्या वर्षी म्हणाला होतात, आजही पुढच्या वर्षीच म्हणता. तुमच्याइतका शब्दाचा पक्का माणूस आमच्या गावात पुन्हा आला नाही."

ते पायऱ्या उतरून गेले तेव्हा पाठ ताठ होती. सिस्टरने मला मागाहून शब्दाला शब्द लावून ती वाक्यं सांगितली. डॉक्टरांच्या मराठीत एक अक्षरही कमी-जास्त नव्हतं. आयुष्यात तेवढाच अनुवाद त्यांनी बिनचूक केला.